क्षमेच्या बाजूने एक हात

मास्तरांना एकदा सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावायची, एवढी एकच गोष्ट मनात धरून मी आठ वर्षं काढली. अभ्यास केला तोही त्यासाठीच, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही. मॅट्रिक झालो, सांगलीला कॉलेजात आलो, आमच्या वस्तीतला पहिलाच. लोक म्हणत, पोरगं जिद्दीचं आहे. जिद्द कशाची होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितो आहे तेही जरा चाचरतच, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं ते सगळे हयात आहेत, आणि त्यांत माझे वडील आहेत.

आमचं गाव इस्लामपूरपासून तासाभराच्या वाटेवर. ओढ्यापलीकडे ख्रिस्ती वस्ती, वीस-बावीस घरं, मधोमध कौलारू देऊळ. चर्च असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, देऊळच म्हणतात. आमच्या जातीकडे पिढ्यान्‌पिढ्या दोन कामं होती: घायपाताचे दोर वळणं आणि सणाला, लग्नाला, मढ्यापुढे हलगी वाजवणं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोर ठेवले आणि हलगी सोडली. सोडावीच लागे. ती देवीपुढे वाजते आणि वाजवणाऱ्याला गाव हलकं समजतं, म्हणून मिशनने ती बंद केली होती. आबांनी आपली हलगी थोरल्या भावाला देऊन टाकली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

मी बारा वर्षांचा असताना हे थोरले चुलते तापाने गेले. ते हिंदूच राहिले होते आणि आसपासच्या गावांत त्यांच्यासारखी हलगी कुणी वाजवत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तिरडीपुढे वाजवलेला माणूस, आणि त्याच्या तिरडीपुढे वाजवायला कुणी उरलं नव्हतं. त्यांचा मुलगा पाळण्यात होता. तिरडी उचलली तेव्हा आबा बाजूला उभे होते, धुतलेली टोपी घालून, देवळात उभे राहतात तसे हात बांधून. दहा-वीस पावलं माणसं मुक्याने चालली. मग आबा वळले. घरात जाऊन भिंतीवरची हलगी काढली, पुढे धरलेल्या मडक्यातल्या विस्तवावर तापवली आणि सगळ्यांच्या पुढे झाले. ओढ्यापर्यंत वाजवली. मी मागून चालत होतो. माझ्या वडिलांना असं काही येतं हेच मला ठाऊक नव्हतं. इतका अभिमान मला त्यांच्याबद्दल त्यापूर्वी कधी वाटला नव्हता.

पुढच्या रविवारी शब्बाथशाळेत मास्तरांनी मला उभं केलं. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सगळ्या सभासदांच्या, पाच पंचांचे प्रमुख. त्यांचे वडील मिशनचे उपदेशक होते, तेव्हा मास्तर जन्माने ख्रिस्ती, आबांसारखे मागून आलेले नव्हेत. काळा कोट, खिशात घड्याळ, आणि आवाज असा की कधी चढायचा नाही. त्यांनी विचारलं, खरं बोलणारा मुलगा प्रभूला आवडतो की नाही? मी म्हटलं, आवडतो. मग विचारलं, परवा ओढ्यावर काय पाहिलंस? मी सगळं सांगितलं. हलगी कशी धरली होती, बारकी छडी कोणत्या बोटांत होती, ते हात करून दाखवलं. मला वाटत होतं, मी आबांची बढाई मारतो आहे. मास्तरांनी शाबासकी दिली आणि परदेशातून आलेलं एक रंगीत कार्ड दिलं, बर्फातल्या मेंढरांचं. मी ते उड्या मारत घरी आणलं. आईने ते कुठून मिळालं ते विचारून घेतलं आणि चुलीत घातलं.

त्याच दुपारी पंचांनी आबांना बोलावलं. सहा महिने प्रभुभोजनास मना, असा निकाल झाला. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असे: ताटात भाकरीचे तुकडे आणि प्याल्यात मनुका भिजवून काढलेला रस. सगळे पुढे सतरंजीवर, आणि आबा मागे दाराशी, ज्यांचा अजून बाप्तिस्मा झाला नव्हता अशा माणसांत. ताट ओळीने फिरत दारापर्यंत यायचं आणि मास्तर ते आबांच्या डोक्यावरून वळवून परत न्यायचे. सहा वेळा मी ते पाहिलं. आम्ही मुलं पुढे बसायचो, मागे बघायची मनाई होती, तरी सहाही वेळा पाहिलं. आबा समोर बघत बसायचे. पाचव्या का सहाव्या वेळी माझ्या शेजारचा पोरगा हळूच म्हणाला, "तुझ्यामुळंच की रं." तो चेष्टेनेच म्हणाला. मी त्याचा दंड चावला, रक्त येईपर्यंत. मारही मास्तरांच्याच हातचा खाल्ला.

तिथून पुढे मास्तरांशी मी फार चांगला वागलो. त्यांच्या शाळेत पहिला आलो, त्यांचीच शिफारस घेऊन मिशनची शिष्यवृत्ती मिळवली. त्यांच्या पाया पडताना मनात म्हणायचो, थांबा.

सांगलीत मी हळदीच्या पेठेत एका खोलीवर राहिलो. अंथरुणाला, पुस्तकांना, भाताला हळदीचा वास. कॉलेजात मला पहिल्यांदाच असं बोलणं ऐकायला मिळालं की माणसाच्या मनावर हुकूम चालवायचा अधिकार कुणालाच नाही, मग तो राजा असो की भटजी की पाद्री. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात सरकारविरुद्ध लढणारी भूमिगत माणसं रानातून उतरत आणि गावोगाव न्याय करून जात. आम्ही पोरं दिवसभर तेच बोलत असू. न्याय आणि सूड यांतला फरक मला तेव्हा फारसा दिसत नसे, आणि कुणी दाखवलाही नाही.

सुट्टीत घरी गेलो की माझं आणि आबांचं बिनसायचं. मी खादी घालायला लागलो होतो, प्रार्थनेत डोळे मिटत नव्हतो, आणि भाकरी खाताना सांगत होतो की हलगी ही आपली कला होती, मिशनवाल्यांनी ती आपल्याकडून काढून घेतली. एकदा मी म्हटलं, आबा, मला एकदा वाजवून दाखवा. त्यांनी वळत असलेला दोर खाली ठेवला आणि म्हणाले, सोडली म्हणजे सोडली, शिकलास म्हणून मला उलटं शिकवू नकोस. मला त्यांची दया आली. मी मनाशी म्हटलं, यांना इतकं दाबलंय की दाबल्याचं कळतही नाही. आणि त्याचा हिशेब मास्तरांच्या नावावर टाकला.

मी इंटरला असताना एका गुरुवारी मिरजेच्या वाटेवर एका दर्ग्यापाशी मला मास्तर दिसले. आमच्या गावापासून इतक्या लांब, मोटारीने येऊन, तोच काळा कोट. हातात साखरेची पुडी आणि फुलांची चादर. मी झाडाआड झालो. त्यांचा मुलगा फौजेत होता, ब्रह्मदेशात, आणि पाच-सहा महिने त्याचं पत्र नव्हतं, हे मला घरून कळलं होतं. मास्तरांनी जोडे काढले आणि तिथेच घुटमळले. मुजावर म्हणाला, सायब, डोईवर काहीतरी घ्या. त्यांनी रुमाल बांधला. आत गेल्यावर हात कसे धरायचे ते त्यांना कळेना. बाकीचे ओंजळ उघडी धरून उभे होते, आणि ज्यांनी गावाला उभं राहायला आणि बसायला शिकवलं ते मास्तर देवळात करतात तशी बोटांत बोटं गुंतवून, डोळे मिटून उभे. फातिहा झाला. त्यांनी साखर तोंडात टाकली आणि बाहेर आले.

तो नवस होता, आणि नवस म्हणजे आमच्या मंडळीत हलगीपेक्षा मोठा गुन्हा. मला त्यांची कणव यायला हवी होती. आली नाही. मी खोलीपर्यंत जवळजवळ पळत आलो. पेठेतला ओळखीचा हमाल म्हणाला, "काय रं, पास झालास का?" मी म्हटलं, व्हय.

मेच्या सुट्टीत माझी वेळ आली. मंडळीत नवे पाळक आले होते, तिशीच्या आतले, मोठ्या शहरात धर्मशिक्षण घेतलेले. त्यांना पंचांत शिकलेलं माणूस हवं होतं, म्हणून त्यांनी मला चिटणीस केलं आणि मताचा अधिकार दिला. आबा त्याआधीच पंच झाले होते, शिक्षा संपल्यावर दोन वर्षांनी. लोक म्हणायचे, आता बापलेकांचं राज्य आहे, एकमेकांना धरून वागा. बाकीचे तिघे म्हणजे मास्तर, फौजेतून पेन्शनीवर आलेले एक हवालदार, आणि मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर, जो माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठा होता.

रविवारची उपासना झाल्यावर सभा बसली. कौलांची दुरुस्ती वगैरे झालं. पाळकांनी विचारलं, आणखी काही? मी उभा राहिलो. वाक्यं महिनाभर पाठ होती. मी सांगितलं की एका पंचाने सांगलीकडे पिराच्या दर्ग्यात नवस केला आणि मी तो डोळ्यांनी पाहिला. मग मास्तरांकडे वळलो आणि त्यांच्याच गोड आवाजात विचारलं, "खरं बोलणारा माणूस प्रभूला आवडतो की नाही, मास्तर?"

त्यांना शब्बाथशाळेतला तो प्रश्न आठवला की नाही मला सांगता येणार नाही.

"आवडतो," ते म्हणाले. "मीच गेलो होतो."

मग ते आपणहून बोलले. दर्ग्यावरून आल्यावर नवव्या दिवशी मुलाचं पत्र आलं. इस्पितळात आहे, पायाला इजा आहे, पण जिवंत आहे. "त्या दिवसापासून मी गुडघे टेकतो, आणि आभार कुणाचे मानायचे तेच मला कळत नाही. मी स्वतःच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. पंचांनी मला शिस्त लावावी."

मी ठरवलं होतं ते असं नव्हतं. ते नाकारतील, मी दिवस, वेळ, रुमालाचा रंग सांगेन, ते खाली बघतील, असं मी ठरवलं होतं.

पाळक उठून मास्तरांजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, लढाईच्या दिवसांत कुठला बाप काय करील सांगता येत नाही. माणसाला दाराशी बसवणं, ताट वळवून नेणं, हे जुन्या मिशनऱ्यांचं झालं. प्रभूने कुणाला पंगतीतून उठवलं नाही, आपणही उठवायचं नाही. कंपाउंडर हसत म्हणाला की तसं बघायला गेलं तर आपली निम्मी मंडळी औषध माझ्याकडून नेते आणि बाटलीला मांत्रिकाचा दोरा बांधते, सगळ्यांनाच दाराशी बसवलं तर पुढे बसायला कोण उरेल? पाळकही हसले. हवालदारांना ते रुचलं नाही. त्यांनी सांगितलं की फौजेत हुकूम सगळ्यांना एकच, सुभेदार असला म्हणून वेगळा नसतो.

मग आबा मांडी मोडून उभे राहिले.

"पाळकसायब," ते म्हणाले, "मंग मला कशापायी बशिवलं व्हतं?"

पाळकांना तो प्रकार मीच सांगितलेला होता. ते फार मनापासून म्हणाले, "ती चूक झाली, आबा. मंडळीच्या वतीने मी तुमची माफी मागतो."

हेच वाक्य ऐकायला मी आठ वर्षं थांबलो होतो, फक्त ते मास्तरांच्या तोंडून हवं होतं. मला वाटलं, आबांना रडू येईल. त्यांचा चेहरा रागाने तांबडा झाला.

"माफी नगं. चूक न्हवती ती. आवं, ह्या गावात मी पोर असल्यापासनं मार खाल्ला. वाजवायला उशिरा गेलो, मार. दोर आखूड भरला, मार. तू केलंस का न्हाई, असं कवा कुणी इचारलं न्हाई. हितं पाच माणसं बसली, मला म्होरं बशिवलं, आन मास्तर म्हनलं, तुमचं म्हणणं काय आहे? मला तुमी म्हनलं. मी व्हय म्हनलो, तवा ल्हिवून घेतलं. सहा म्हयनं बसलो, येक ऐतवार चुकवला न्हाई. नेम हुता म्हनून बसलो. आता मास्तरला नेम न्हाई म्हनता, तर मंग त्यो नेमच न्हवता. गावानं मारलं, तसंच तुमीबी मारलं म्हना की."

मास्तर हळूच म्हणाले, ते बरोबर बोलतायत, मलाही तेच हवं आहे.

मला हे काही माहीत नव्हतं. सहा वेळा मी मान वळवून आबांना पाहिलं आणि दर वेळी मला एक चिरडलेला माणूस दिसला. ते मात्र तिथे मोठे होऊन बसले होते. माझ्या बापाची गोष्ट मी आठ वर्षं चुकीची वाचत आलो, असं त्या क्षणी मला कळायला हवं होतं. थोडं कळलंही. पण राग काही एका वाक्याने उतरत नाही, आणि तो रिकामा परत न्यायला मी तयार नव्हतो.

पाळकांनी हात वर करायला सांगितलं. मास्तरांना मत नव्हतं. शिस्त लावावी, यासाठी आबा आणि हवालदार. क्षमा करावी, यासाठी पाळक आणि कंपाउंडर. सगळे माझ्याकडे वळले. मास्तरही. त्यांनी माझ्याकडे काही मागावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना शिक्षा हवी होती. सहा महिने दाराशी बसायचं, सातव्या महिन्यात उठायचं आणि पुन्हा पुढे येऊन बसायचं, स्वच्छ होऊन, जसे आबा उठले होते. ते मला द्यायचं नव्हतं. साखर तोंडात घेऊन ते असेच राहावेत, कुणाचे आभार मानायचे ते न कळता, असं मला वाटलं.

मी क्षमेच्या बाजूने हात वर केला.

आबांचा विचार तेव्हा मनात आला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला होता. मी तो बाजूला सारला.

पाळकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, जो फिर्याद घेऊन उभा राहिला त्यानेच क्षमा केली, नव्या पिढीला शुभवर्तमान कळलं. चिटणीस म्हणून निकाल लिहायचं काम माझंच होतं. मी वळणदार अक्षरात लिहिलं: सर्व विचार करून क्षमा करण्यात आली. मास्तर खाली मान घालून बसले होते. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

जूनच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. ताट मास्तरांपुढे आलं. मना नव्हती, तेव्हा नाही म्हणायला त्यांना जागाही नव्हती. त्यांनी तुकडा उचलला, पण तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना दुसरा हात लावावा लागला. मी डोळे उघडे ठेवून सगळं पाहिलं. मग ताट आबांपुढे आलं. आबांनी दोन्ही हात जोडले आणि ते पुढे जाऊ दिलं. प्यालाही जाऊ दिला. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नसेल.

घरी आल्यावर मी विचारलं. ते अंगणात घायपाताचे तंतू विंचरत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तरनं तुला काय केलं हुतं ते मला म्हाईत हाय. मी तुला काय केलं हुतं रं?"

मी म्हणालो, आबा, मी क्षमा केली. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "पाळकाला सांग जा त्ये. मला सांगू नगंस."

त्यानंतर आबांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. पाळक दोनदा घरी येऊन गेले, समजूत घातली. आबांनी दोन्ही वेळा एवढंच विचारलं की माझे सहा महिने खरे होते की खोटे, ते एकदा सांगा, मग घेईन. पाळकांना त्याचं उत्तर देता येत नाही. खरे म्हटलं तर मास्तरांची क्षमा मोडते, आणि खोटे म्हटलं तर आबा मोडतात. आबा पुढेच बसतात, पंचाच्या जागेवर, आणि ताट हात जोडून पुढे पाठवतात. त्यांच्या शेजारी मास्तर बसतात आणि घेतात. मास्तरांचा मुलगा लंगडत का होईना, घरी आला आहे.

मी आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हे मोडायचं तर एकच वाट आहे. पुढच्या सभेत उभं राहून सांगायचं की माझा हात क्षमेचा नव्हता, तो मी मागे घेतो, मत पुन्हा घ्या. मास्तरांना हवी ती शिक्षा मिळेल आणि आबांचे सहा महिने त्यांना परत मिळतील. त्यासाठी मला मास्तरांसमोर खरं बोलावं लागेल, आणि ते मान हलवतील, वर्गात शाबासकी देताना हलवायचे तशी. दोन सुट्ट्यांत मी दोन सभांना बसलो. पाळकांनी दोन्ही वेळा विचारलं, आणखी काही? मी वही मिटली. आबा शेजारी बसलेले असतात. ते माझ्याकडे बघत नाहीत.